एम-थ्रीची उचल

मराठवाड्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या कँटीनमध्ये निकालाच्या आठवड्यात जाऊन बसा. एक प्रश्न हमखास कानावर येतो: "एम-थ्री निघाला का?" समजला का, असं कोणी कोणाला विचारत नाही. हा विषय निघतो, चिखलात रुतलेली बैलगाडी निघावी तसा. नाहीतर तो राहतो. राहिला की बॅक लागतो, आणि पुढची सत्रं तो मागे लोंबकळत येतो.

एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचा तिसरा पेपर, दुसऱ्या वर्षाच्या तोंडाशी बसलेला. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी मराठवाड्यातली बरीच कॉलेजं जोडलेली आहेत. तिथल्या अभ्यासक्रमात या पेपरात लाप्लास ट्रान्सफॉर्म, मग तोच उलटा, मग फूरिए, मग पार्शियल डिफरन्शियल इक्वेशन आणि शेवटी कॉम्प्लेक्स फंक्शन अशी रांग आहे. नावं ऐकूनच छातीत धस्स व्हावं. पण या प्रकरणात मला सांगायचंय ते वेगळंच आहे. एम-थ्रीत मुलं अडकतात ती लाप्लासमुळे क्वचितच.

आधी कोण अडकतं ते पाहू. बारावी सायन्स करून आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षी एम-वन आणि एम-टू करून इथे पोचतो. दुसरी वाट पॉलिटेक्निकची. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग डायरेक्ट सेकंड इयर, मुलांच्या भाषेत 'डी-टू-डी'. बीड जिल्ह्यात ही वाट बरीच मळलेली आहे, आणि त्याला कारण आहे. डिप्लोमा झाला की निदान नोकरीच्या बाजारात उभं राहता येतं. बारावीचे महागडे क्लास टळतात, घरच्यांनाही हिशेब कळतो. फक्त या वाटेवर एक खड्डा आहे आणि प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत तो दाखवलेला नसतो. राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या २०१७ पासूनच्या 'आय' स्कीममध्ये गणित पहिल्या वर्षातच उरकलं: पहिल्या सत्रात बेसिक, दुसऱ्यात अप्लाइड. पुढची दोन वर्षं बहुतेक शाखांत गणिताचा स्वतंत्र पेपरच नाही. मग हा मुलगा डिग्रीला येतो, एम-वन आणि एम-टू त्याला माफ होतात, आणि थेट एम-थ्री समोर येतो. माफी म्हणतात ती ही. त्यात डायरेक्ट सेकंड इयरचे प्रवेश रेंगाळतात. वर्ग सुरू झालेले असतात, फळ्यावर लाप्लास अर्धा होऊन गेलेला असतो, आणि हा वही घेऊन मागच्या बाकावर येऊन बसतो.

समजा, हा मुलगा गेवराईकडच्या एखाद्या वस्तीवरचा आहे आणि आईवडील ऊसतोडीला जातात. अशी घरं जिल्ह्यात इतकी आहेत की हे समजायला कल्पनाशक्ती लागत नाही.

बीडमध्ये 'उचल' हा शब्द फोडून सांगावा लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. हंगामाआधी मुकादम येतो, आगाऊ रक्कम देतो. ती कोणाच्या दवाखान्यात जाते, कोणाच्या लग्नात, कोणाच्या किराणा दुकानाच्या उधारीत. दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायको, म्हणजे मुकादमाच्या वहीत एक कोयता, सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात जातात आणि टनाच्या दराने ऊस तोडून ती रक्कम फेडत राहतात. हंगाम संपेपर्यंत फिटली तर फिटली, नाहीतर बाकी पुढच्या सालावर.

गणितातही अशीच उचल असते. मास्तर म्हणतात, "हे सूत्र आत्ता पाठ कर, कुठून आलं ते पुढे कळेल." मूल सूत्र घेतं आणि त्यावर परीक्षा निघते. पुढच्या वर्षी आणखी एक सूत्र, तेही आगाऊ. अपूर्णांकांचा लसावि, कंसाबाहेरची वजाबाकी, घातांकांचे नियम: सगळं विश्वासावर घेतलेलं, परत न केलेलं. तुलना करताना माझा हात जरा आखडतो, कारण उसाच्या उचलीखाली माणसं पिचतात आणि सूत्रांच्या उचलीपायी फार तर एखादं वर्ष वाया जातं. पण वहीची रीत तीच आहे. आणि काही घरांत दोन्ही उचली एकाच वेळी चालू असतात. आईवडिलांबरोबर फडावर गेलेलं मूल शाळेचे नेमके मधले महिने गमावतं. त्यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आजी-आजोबांकडे मुलं ठेवण्याची जुनी सोय आहे. तरी पाचवी-सहावीतले चार-पाच महिने गेले की अपूर्णांक जातात, आणि ते गेलेत हे त्या वेळी कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे एकट्या बीडचं नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीने २०२३ मध्ये ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितलं. बरोबर भागाकार करू शकले ते ४३.३ टक्के. याच वयात पॉलिटेक्निकला प्रवेश होतो.

आता प्रत्यक्ष एक गणित करू. शेततळ्याचंच घेऊ, कारण आपल्याकडे दुष्काळाने त्याची ओळख सगळ्यांना करून दिली आहे. तळ्यात एका ठरावीक वेगाने पाणी सोडलंय. खाली कागद अंथरलेला नाही, त्यामुळे पाणी झिरपतं, आणि जितकं पाणी जास्त तितकं झिरपणंही जास्त. तळं सुरुवातीला कोरडं होतं. पाण्याची पातळी वेळेप्रमाणे कशी वाढेल?

सोयीची एककं घेतली तर गोष्ट एका ओळीत मावते: पातळी वाढण्याचा दर अधिक पातळी बरोबर १. हे झालं डिफरन्शियल इक्वेशन. अडचण अशी की यात पातळीही अज्ञात आणि तिचा दरही अज्ञात, दोघांची एकमेकांत गुंतवळ. लाप्लास ट्रान्सफॉर्म इथे काय करतो, तर जुन्या लॉगटेबलाचं काम करतो. मोठा गुणाकार करायचा असला की आपले आजोबा दोन्ही संख्यांचे लॉग बघायचे, त्यांची नुसती बेरीज करायचे आणि टेबल उलटं वाचून परत यायचे. गुणाकाराच्या गावातून बेरजेच्या गावात जायचं, काम उरकायचं आणि परतायचं. लाप्लास तसाच दराच्या गावातून गुणाकाराच्या गावात नेतो. 'पातळीचा दर' तिकडे जाऊन 'एस गुणिले वाय' होतो, पातळी नुसती 'वाय' होते, आणि उजवीकडचा १ होतो 'एक भागिले एस'.

म्हणजे आता एस × वाय + वाय = १/एस. वाय सामाईक काढला की वाय × (एस + १) = १/एस. भागून घेतलं की वाय = १ / [एस × (एस + १)]. इथवर नवीन गोष्ट एकच होती, गाव बदलणं. बाकीचं आठवी-नववीचं बीजगणित.

आणि नेमकं इथे गाडं अडतं. परत यायचं तर टेबलात 'एक भागिले एस' सापडतं, 'एक भागिले एस अधिक एक' सापडतं, पण दोघांचा गुणाकार छेदात असलेलं हे जोडप्रकरण थेट सापडत नाही. त्याचे तुकडे करायला हवेत. पुस्तक म्हणतं, 'बाय पार्शियल फ्रॅक्शन', आणि पुढच्या ओळीत उत्तर ठेवून देतं: १/एस − १/(एस + १). हे कुठून आलं? मागच्या बाकावरचा मुलगा वहीत उतरवून घेतो. आणखी एक उचल.

एसच्या जागी २ ठेवून बघा. डावीकडे १ भागिले २ × ३, म्हणजे एक षष्ठांश. उजवीकडे अर्धा वजा एक तृतीयांश. लसावि सहा, तीन वजा दोन, एक षष्ठांश. एसच्या जागी ३ ठेवा: १/३ वजा १/४ म्हणजे १/१२. एम-थ्रीच्या ज्या पायरीवर अभियंते होऊ घातलेली मुलं घसरतात ती पायरी म्हणजे प्राथमिक शाळेतली अपूर्णांकांची वजाबाकी, फक्त उलट्या दिशेने केलेली. ज्याला एक द्वितीयांश वजा एक तृतीयांश करताना 'अंशातून अंश, छेदातून छेद' असा मोह होतो, त्याला एस आणि एस अधिक एक यांचं भांडण सोडवता येणार नाही. उलटंही खरं आहे. ज्याला अपूर्णांक येतात त्याला पार्शियल फ्रॅक्शन हे नाव नसतानाही ते येत असतं.

गणित पुरं करू. परत येताना १/एस चा होतो १, आणि १/(एस + १) चा होतो ई चा वजा टी घात. म्हणून पातळी = १ − ई^(−टी). एक एकक वेळ गेला की तळं त्याच्या अंतिम पातळीच्या सुमारे ६३ टक्के भरतं, दोन एककांनी ८६, तीन एककांनी ९५. सुरुवातीला भराभर, मग हळूहळू, आणि पुरतं काठाला कधीच नाही. शेतकऱ्याला हे डोळ्यांनी माहीत आहे. विजेच्या सर्किटमध्ये कपॅसिटर चार्ज होतो तोही असाच. एवढं कळलं तर लाप्लास हा बागुलबुवा राहत नाही. फक्त यातलं '६३ टक्के' बहुतेक वह्यांत नसतंच, कारण परीक्षेत कोणी विचारत नाही.

आपल्याकडे भास्कराचार्यांचं नाव निघालं की छाती फुगते, म्हणून थोडं तेही. भास्कराचार्यांनी आपल्या गावाचं नाव विज्जलवीड असं दिलंय. काहींनी ते म्हणजे आपलं बीड असं म्हटलं. काही जण सह्याद्रीच्या कुशीतल्या चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात, जिथे त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, १२०७ चा शिलालेख सापडला. गाव कुठलं का असेना. मला त्या वादापेक्षा त्यांच्या ११५० च्या ग्रंथातल्या 'लीलावती'ची मांडणी जास्त मोलाची वाटते. बेरजेपासून घनमुळापर्यंत आठ क्रिया आधी पूर्णांकांवर शिकवल्या. मग त्याच आठही क्रिया पुन्हा, सावकाश, अपूर्णांकांवर. मग शून्यावर. अपूर्णांक उरकून टाकायचा धडा नाही, त्याला पूर्णांकाइतकीच जागा. बीडच्या चौकात त्यांचा पुतळा उभारायचं कोणाच्या मनात आलं तर माझी हरकत नाही. पण पाचवीच्या वर्गात त्यांचा हा क्रम आला तर जास्त काम होईल.

भाषेचा खड्डा वेगळाच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. १९१८ मध्ये सुरू झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून होतं आणि माध्यमिक शाळांतही उर्दूचाच वावर. त्या काळी शिकलेले आजोबा गुणाकाराला जर्ब म्हणत, भागाकाराला तकसीम, त्रिकोणाला मुसल्लस. वडील मराठी शाळेत त्रिकोण शिकले. नातू पॉलिटेक्निकला गेल्यावर ट्रँगल म्हणतो. तीन पिढ्या, तीन भाषा, आणि घरात गणित विचारायला कोणी नाही. आजोबांना कदाचित येत असतं, पण नातवाला त्यांचे शब्द कळत नाहीत.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलासमोर डिप्लोमाच्या पहिल्या आठवड्यात 'फंक्शन' येतं. त्याच्या लेखी फंक्शन म्हणजे गावातलं लग्न-बारसं, मंडप आणि डीजे. मराठीत त्याला फल किंवा फलन म्हणतात. लिमिटला सीमा, डिफरन्सिएशनला विकलन, इंटिग्रेशनला संकलन. हे शब्द चांगले आहेत. विकलन म्हणजे तुकडे तुकडे करून पाहणं, संकलन म्हणजे गोळा करणं, दोघांचं नातं शब्दातच दिसतं. पण ते त्याला कोणी सांगितलेले नसतात, आणि इंग्रजी शब्दांचा अर्थ कळलेला नसतो. मधल्या मध्ये कळण्याऐवजी फक्त चिन्हं हलवायची सवय लागते. शब्दाने आकलन किती अडतं यावर आपल्याकडे २०१९ मध्ये मोठा गदारोळ झाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'बत्तीस'बरोबर 'तीस दोन' असं संख्यावाचन आलं, आणि गणितज्ञ मंगला नारळीकरांना त्याचं समर्थन करत फिरावं लागलं. टिंगल पुष्कळ झाली. मला वाटतं, त्यांना जे दिसत होतं ते टिंगल करणाऱ्यांना दिसलं नाही. मूल अडतं ते बहुधा संख्येवर नाही, तिच्या नावावर.

पाया कच्चा असला की वर्गात डोक्याचं काय होतं, याचं शास्त्रही आता बरंच कळलंय. माणसाची कामचलाऊ स्मृती, म्हणजे हातातलं काम चालू असताना डोक्यात धरून ठेवलेली माहिती, फार तोकडी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती सातच्या आसपास गोष्टींची सांगितली, पुढच्या संशोधकांनी आकडा आणखी खाली, चारच्या आसपास आणला. ज्याला अपूर्णांक अंगवळणी पडलेत त्याच्यासाठी वरचं पार्शियल फ्रॅक्शन ही एक गोष्ट. ज्याला नाहीत त्याच्यासाठी त्याच ओळीत सहा. मग लाप्लासला जागाच उरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं आणि दाखवलं की नवख्याला नुसती उदाहरणं सोडवायला देण्यापेक्षा पायरीन् पायरी सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासायला देणं जास्त उपयोगी पडतं. आपल्याकडे उलट होतं. परीक्षेच्या आधल्या आठवड्यात 'आयएमपी'च्या झेरॉक्स फिरतात. त्यात उदाहरणं सोडवलेली असतात, पण मधल्या पायऱ्या गाळून, कारण कागद वाचवायचा असतो.

म्हणून एम-थ्री लागलेल्या मुलाला मी एकच उद्योग सांगतो. एक सोडवलेलं उदाहरण घे आणि प्रत्येक ओळीचा सातबारा काढ. ही ओळ मूळ कोणाच्या मालकीची? पाचवीची, नववीची, अकरावीची, की खरोखर एम-थ्रीची? वरच्या शेततळ्याच्या गणितात एम-थ्रीच्या मालकीच्या ओळी दोनच निघतात, जायची आणि यायची. बाकी सगळी जमीन शाळेची. आणि शाळेची जमीन परत मिळवायला सत्रभर लागत नाही. विशीतल्या मुलाला अपूर्णांक शिकायला आठ दिवस पुरतात. लाज सोडायला मात्र जास्त दिवस लागतात. पाचवीचं पुस्तक हॉस्टेलच्या खोलीत उघडायचं म्हणजे दाराला कडी लावूनच.

या विषयातला माझा आवडता माणूस लंडनचा ऑलिव्हर हेविसाइड. जन्म १८५०, घर गरिबीचं, लहानपणीच्या आजाराने ऐकू कमी यायचं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि पुढे कधीच कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. एका तार कंपनीत काम करत असताना १८७३ मध्ये मॅक्सवेलचा विद्युतचुंबकत्वावरचा ग्रंथ निघाला. हेविसाइडने तो चाळला आणि पहिल्यांदा काहीच कळलं नाही. त्याला शाळेतलं बीजगणित आणि त्रिकोणमिती तेवढी येत होती, आणि तीही बरीचशी विसरलेली. हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय. त्याने ग्रंथ बाजूला ठेवला, आधी खालचं गणित शिकला आणि मग परत आला. काही वर्षं गेली. परत आला तो असा, की मॅक्सवेलची वीस समीकरणं त्याने चारांत आणली, आणि आज जगभर मॅक्सवेलची म्हणून शिकवतात ती हीच चार. एम-थ्रीच्या पेपरात 'युनिट स्टेप फंक्शन' येतं, एका क्षणी शून्यावरून एकावर उडी मारणारं, बटण दाबल्यावर दिवा लागावा तसं. त्याला हेविसाइड फंक्शन म्हणतात ते याच्याच नावाने.

ही गोष्ट मुलांना सांगताना मी थोडा सावध असतो. हेविसाइडने १८७४ मध्ये नोकरी सोडली आणि तो आईवडिलांच्या घरी राहून शिकला. त्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज नव्हतं आणि सोळा आठवड्यांनी परीक्षाही नव्हती. परत खाली जाऊन शिकायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणीतरी द्यावा लागतो. शेजारच्या कर्नाटकात विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाने हे मान्य केलंय. डिप्लोमाहून आलेल्यांना तिथे २०१८ च्या स्कीममध्ये 'अ‍ॅडिशनल मॅथेमॅटिक्स'चे दोन जादा पेपर होते. क्रेडिट नाही, पण केलेच पाहिजेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, २०२१ मध्ये प्रवेशासाठी बारावीच्या गणिताची सक्ती सैल केली, तेव्हा 'ब्रिज कोर्स'चा शब्दही दिला. पूल कागदावर आहे. तो कुठल्या कॉलेजात किती रुंद बांधला, हे प्रवेश घेणाऱ्याने विचारायला हवं, प्लेसमेंटचा आकडा विचारतो तसं.

हेविसाइडवर मात्र एक उचल शेवटपर्यंत राहिली. लाप्लाससारखंच काम करणारी त्याची रीत, दराला सरळ एखाद्या संख्येसारखं वागवायची, अचूक उत्तरं देत होती. पण ती का चालते हे त्याला सिद्ध करता येत नव्हतं, आणि त्याला त्याची फारशी फिकीरही नव्हती. १८९४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याच्या लेखमालेचा तिसरा भाग छापायला नकार दिला. सिद्धता नाही, म्हणून. तो सोसायटीचा सभासद होता, तरीही. पुढे १९१६ मध्ये ब्रॉमविच नावाच्या गणितज्ञाने त्या रितीला भक्कम आधार दिला, आणि तो दिला कॉम्प्लेक्स फंक्शनच्या इंटिग्रेशनमधून, कोशीच्या सिद्धांताच्या वाटेने.

म्हणजे आपल्या पेपरातलं पाचवं युनिट. पहिल्या दोन युनिटांत टेबल विश्वासावर घेऊन लाप्लास उलटा फिरवायचा, आणि तो का फिरतो याचं उत्तर पाचव्यात ठेवलेलं. ही एम-थ्रीची स्वतःची उचल आणि तिची स्वतःची फेड, एकाच पुस्तकाच्या दोन टोकांना. बहुतेक वर्गांत पाचव्या युनिटपर्यंत पोचेस्तोवर सत्र संपत आलेलं असतं. सर म्हणतात, याच्यावर एकच प्रश्न येतो, ऑप्शनला टाकला तरी चालेल.